क्रीमचं फ्रूट सॅलड : ४० जण, भर उन्हाळा आणि तळाशी साचणारं पाणी

निगुती
उन्हाळ्याच्या सुट्टीत ४० जण जेवायला आहेत, त्यात १२ लहान मुलं. पानं दुपारी एकला घ्यायची. गोडाला क्रीमचं फ्रूट सॅलड ठरलंय. दाट, गार आणि दिसायलाही सणासुदीचं हवं.

एवढ्या प्रमाणात केलेल्या फ्रूट सॅलडला तासा-दोन तासांत पाणी सुटतं, तळाशी पातळ दूध आणि वर फोडी अशी अवस्था होते. ते कशानं होतं आणि कसं टाळायचं? कस्टर्ड बरं, फेटलेलं क्रीम बरं की चक्का? आदल्या दिवशी काय काय उरकून ठेवता येईल? आणि प्रमाण. अंदाजे नको, किलो-लिटरमध्ये सांगा.

मोजमाप
आधी पाण्याचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावरच आहे.

चिरलेल्या फळावर साखर पडली की फोडीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यामुळे फोडींवर साखर भुरभुरवून ‘मुरत’ ठेवणं ही पहिली चूक. गोडी सगळी क्रीममध्ये किंवा कस्टर्डमध्ये घाला, फळांना साखर लावूच नका. तरी थोडं पाणी सुटणारच, कारण बेस (फळं ज्यात कालवायची ते क्रीम किंवा कस्टर्ड) गोड असतो. म्हणून फळं आणि बेस वेगवेगळे गार करायचे आणि वाढायच्या जरा आधी एकत्र करायचे.

दुसरं कारण साधं आहे. धुतलेली फळं ओली असतात. दीड किलो द्राक्षं धुऊन चाळणीत उपसली तरी घोसाच्या देठांत आणि मण्यांवर भरपूर पाणी राहतं. द्राक्षं देठावरून काढून सुती पंचावर तासभर एका थरात पसरा, मगच चिरा.

सालपट
+१. डब्यातली फळं वापरणार असाल तर पाक नुसता ओतून देऊन भागत नाही. चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, मग फडक्यावर टिपा.

दुधाळ
बेस म्हणाल तर फेटलेलं क्रीम. कस्टर्डचं सॅलड चांगलंच लागतं, पण ते कस्टर्ड झालं. धाग्याचं नाव ‘क्रीमचं’ आहे.

पाकिटावरचा फॅटचा आकडा वाचून घ्या. फेटून फुलायला ३५ टक्क्यांच्या आसपास फॅट लागतं. २५ टक्क्यांचं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी फुलत नाही, आणि उन्हाळ्यात तर नाहीच. क्रीम फ्रिजच्या आतल्या बाजूला रात्रभर ठेवा, दारात नको. फेटायचं भांडं आणि बीटरची पाती फ्रीजरमध्ये २० मिनिटं. क्रीम १० अंशांच्या वर गेलं की त्यातलं फॅट मऊ पडतं आणि हवा धरून ठेवत नाही.

आधी कमी वेगावर. फेस मोठ्या बुडबुड्यांचा असेल तेव्हा पिठीसाखर घाला, मग मध्यम वेग. बीटरच्या खुणा क्रीमवर उमटून टिकायला लागल्या की थांबून पाती वर उचला. शेंडा उभा राहून टोकाशी वळला पाहिजे. सॅलडसाठी इथेच थांबायचं. अजून अर्धं मिनिट फेटलंत तर पृष्ठभागाची तकाकी जाते, कडा खरखरीत दिसायला लागतात, रंग किंचित पिवळसर होतो. त्यापुढे लोणी. खरखरीत झाल्या झाल्या दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हातानं हलकेच ढवळलं तर बहुतेक वेळा सावरतं. लोण्याचे कण दिसायला लागल्यावर मात्र परत येत नाही.

ओटा
दुधाळ, ४० जणांना नुसतं क्रीम म्हणजे अडीच लिटर क्रीम फेटणं आलं. ते खायला जड, आणि उन्हाळ्यात तासाभरात बसतं. कस्टर्डमध्ये स्टार्च असतो, तो सुटलेलं थोडं पाणी धरून ठेवतो, आंबट फळांपुढेही दूध सहजी फाटू देत नाही. मोठ्या पंगतीला कस्टर्डच भरवशाचं.

फक्त नेहमीपेक्षा दाट करा. नेहमीच्या कस्टर्डला लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. फ्रूट सॅलडला ५०-५५ ग्रॅम घ्या, कारण फळं त्याला पुढे पातळ करणारच आहेत.

थंडगार
चक्क्याला कोणीच विचारेना! एक किलो दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच ८ तास टांगलं किंवा चाळणीत ठेवलं तर ४०० ते ५०० ग्रॅम चक्का मिळतो. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात आंबट होतं. ५०० ग्रॅम चक्का, २०० मिली क्रीम, १०० ग्रॅम पिठीसाखर, सगळं चाळणीतून गाळून घेतलं की मखमली बेस होतो. आणि त्यात आंबट फळं बिनधास्त घालता येतात, दही आधीच लागलेलं असल्यामुळे फाटायची भीती नाही.

ओटा
चव उत्तमच. पण १२ मुलं आहेत, आंबटसर बेस काही मुलं बाजूला सारतात. शिवाय अडीच किलो बेसला तीन-चार किलो दही टांगायचं म्हणजे फ्रिजमध्ये दुसरं काही मावणार नाही.

थंडगार
फ्रिजचा मुद्दा मान्य. १०-१२ जणांना करायचं असेल तर चक्काच, ४० जणांना नाही.

गोडघाशा
कंडेन्स्ड मिल्क + क्रीम? ना शिजवणं, ना फेटणं.

मोजमाप
चालतं, पण साखर सांभाळा. गोड कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याच्या आसपास साखरच असते, त्यामुळे ते फळांतून पाणीही जोरात ओढतं. ४०० ग्रॅमच्या एका डब्याला किमान ६०० मिली क्रीम असू द्या आणि वेगळी साखर अजिबात नको. आणि फळं घातल्यावर लगेच वाढायचं. लिंबाचा रस पडला तर कंडेन्स्ड मिल्क फाटून पाणी होत नाही, उलट घट्ट होतं, त्यामुळे केळ्यांना लावलेल्या थोड्या लिंबाची काळजी नको.

चाळणी
फळांकडे येऊ या. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि खापर दुधावर फुटतं.

न शिजवलेला अननस, किवी, पपई आणि ताजं अंजीर यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. ती दुधातल्या केसिन या प्रथिनाचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. म्हणून ताजा अननस घातलेलं सॅलड पहिल्या दहा मिनिटांत छान लागतं आणि तासाभरानं कडवट. दूध खराब नव्हतं, अननसानं त्याचं काम केलं. उष्णतेनं ही एन्झाइम्स निकामी होतात, त्यामुळे डब्यातला अननस बिनधोक, तो शिजवलेलाच असतो. ताजा वापरायचा तर फोडी दोन-तीन चमचे साखरेत ५ ते ७ मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, निथळा. किवीचा रंग हवाच असेल तर चकत्या वाढताना वरून लावा, आत ढवळू नका.

कलिंगड आणि खरबूज क्रीममध्ये नकोच. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. मोसंबी-संत्र्याच्या फोडींवरचा पापुद्रा फाटला की रस बाहेर येतो, तेही नको. चिकू गोड लागतो पण ढवळताना विरतो आणि रंग मातकट होतो.

राहिलं काय? आंबा, सफरचंद, द्राक्षं, केळं, डाळिंब. पाचही पुरेशी आहेत. दहा फळं घालून चव वाढत नाही, नुसती गर्दी होते.

पिवळी_वाटी
जेलीचे तुकडे घातले तर? मुलांना आवडतात.

चाळणी
घाला, पण जिलेटिनची जेली असेल तर तिच्यात ताजा अननस, किवी नको. जिलेटिनही प्रथिनच, जेली सेटच होणार नाही. अगर-अगरची (समुद्री शेवाळापासून केलेली) जेली या फळांना दाद देत नाही, ते प्रथिन नाही. जिलेटिनवाली जेली उन्हाळ्यात टेबलावर वितळते, अगरची टिकते. अगर पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं चांगलं उकळावं लागतं, नुसतं गरम पाणी पुरत नाही. अगरमुळे शाकाहारी मंडळींचाही प्रश्न सुटतो.

शेवटचा_घास
अवांतर : एवढं क्रीम घातल्यावर याला ‘सॅलड’ का म्हणायचं? फळांची कोशिंबीर म्हटलं तर कोणी गोड समजून वाटी पुढे करणार नाही.

सालपट
कोशिंबीर म्हटलं तर मुलं येणारच नाहीत, १२ वाट्या वाचतील. :) पण शब्द चुकीचा नाही हं. चिरणं, कालवणं आणि आयत्या वेळी दही घालणं हे कोशिंबिरीचंच तंत्र आहे. काकडीला मीठ आधी लावलं की पाणी सुटतं, तसंच हे.

मोजमाप
सालपट, अगदी बरोबर. फोडीला साखर, काकडीला मीठ, काम एकच.

तवंग
केळी आणि सफरचंद काळी पडतात त्याचं काय? लिंबू लावलं तर दूध फाटणार नाही का?

चाळणी
चिरल्यावर हवा लागून काळी पडतात. सफरचंदासाठी मिठाचं पाणी सोपं : लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ, फोडी १० मिनिटं बुडवायच्या, साध्या पाण्यातून काढायच्या, पंचावर कोरड्या करायच्या. चार-पाच तास पांढऱ्या राहतात आणि खारट लागत नाहीत. सफरचंद कडक जातीचं घ्या. भुसभुशीत सफरचंद क्रीममध्ये पिठूळ लागतं.

केळ्यांना मी लिंबू सुचवणार नाही. केळी वाढायच्या १५ मिनिटं आधी थेट बेसमध्येच चिरायची, क्रीमचा थर बसला की हवा लागत नाही. पिवळी, सालीवर ठिपके न आलेली केळी निवडा. ठिपकेवाली शिकरणाला ठेवा, इथे ती चिकट होतात.

रंगीत_पाटी
डाळिंब आणि चेरी दोघांचाही रंग उतरतो. डाळिंबाचे फुटके दाणे वेचून काढा, बाकीचे पंचावर टिपा आणि अर्धे आत, अर्धे वर. पाकातल्या लाल चेरी पाण्यातून काढून कोरड्या करून फक्त वर. नाहीतर पांढऱ्या क्रीममध्ये गुलाबी ओघळ दिसतात.

पिवळी_वाटी
कस्टर्डला गुठळ्या होतात आणि कधी कधी दाट झालेलं कस्टर्ड दुसऱ्या दिवशी पातळ होतं. दोन्ही का?

ओटा
गुठळ्या : पावडर गरम दुधात गेली म्हणून. ती फ्रिजमधल्या गार दुधातच कालवायची, आणि ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळायची, कारण ती मिनिटभरात तळाला बसते. वरचं पातळ दूध आधी आणि तळाचा गोळा शेवटी पडला की गुठळी ठरलेली.

पातळ होणं : याची दोन कारणं. एक, कच्चं राहिलेलं. दाट झालं म्हणून लगेच गॅस बंद करू नका, उकळी फुटल्यावर बारीक आचेवर दोन मिनिटं ढवळत राहा. उलथण्याच्या पाठीवर थर बसला पाहिजे, बोटानं त्यात रेघ ओढली तर रेघेच्या कडा ओघळता कामा नयेत. आणि जिभेवर पिठाळ लागता कामा नये. दोन, उष्टा चमचा. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च तोडतं. चव बघितलेला चमचा परत पातेल्यात गेला की रात्रभरात कस्टर्ड सैल होतं. चव वाटीत काढून घेऊन बघा.

जाड बुडाचं पातेलं घ्या, ढवळताना तळ आणि कडा खरवडत राहा. खाली लागलेल्या दुधाचा वास फळं झाकत नाहीत.

दुधाळ
बरं, मधला मार्ग सुचवतो. दोन भाग कस्टर्ड, एक भाग फेटलेलं क्रीम. कस्टर्ड पाणी धरेल, क्रीम हलकेपणा देईल. गार कस्टर्ड थेट क्रीममध्ये टाकू नका, ते वडीसारखं घट्ट झालेलं असतं. आधी ते व्हिस्कनं गुळगुळीत करा, शंका असेल तर चाळणीतून काढा. आधी क्रीमचा एक तृतीयांश हिस्सा त्यात नीट ढवळून घ्या म्हणजे कस्टर्ड सैल होईल. उरलेलं दोन वेळा घाला आणि उलथणं मधून खाली नेऊन कडेनं वर आणत हलकेच मिसळा. गोल गोल घोटलंत तर क्रीममधली हवा गेली.

ओटा
हे पटलं. याला माझं मत.

थंडगार
माझंही. आणि गोडी गार असताना बघा. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, कोमट कस्टर्ड थोडं जास्तच गोड वाटायला हवं. चिमूटभर मीठ विसरू नका.

शेवटचा_घास
आदल्या रात्रीच सगळं एकत्र करून ठेवलं तर चव मुरते ना?

मोजमाप
चव मुरते हे खरं, पण आंब्याची आणि केळ्याची. त्या बदल्यात फोडी लिबलिबीत आणि तळाशी पाणी. मुरवायचंच असेल तर एका आंब्याचा रस बेसमध्ये फेटून रात्रभर ठेवा. चव मुरेल आणि फोडी कोऱ्या राहतील. आंबा पूर्ण पिकलेला हवा आणि कस्टर्ड पूर्ण गार. गरम दुधात आंबट रस गेला तर फाटेल.

निगुती
खूप मदत झाली. बेस ठरला : कस्टर्ड + क्रीम. आता प्रमाण आणि वेळापत्रक कोणी मांडेल का? दोन मुलं चार वर्षांच्या आतली आहेत आणि एका पाहुण्यांना दूध चालत नाही.

मोजमाप
माणशी १५० ग्रॅम धरून ६ किलो. ६० टक्के फळं, ४० टक्के बेस.

फळं, चिरून ३.६ किलो : आंबा ९००, सफरचंद ९००, द्राक्षं ७००, केळी ६००, डाळिंब ५०० ग्रॅम. पण विकत घेताना साल-कोय-बी जमेस धरा : आंबा दीड किलो, सफरचंद १ किलो १०० ग्रॅम, द्राक्षं पाऊण किलो, केळी साडेनऊशे ग्रॅम, डाळिंब १ किलो. फोडी साधारण दीड सेंटीमीटरच्या. बारीक चिरलं की कापलेला पृष्ठभाग वाढतो आणि पाणीही जास्त सुटतं.

बेस २.४ किलो : दूध दीड लिटर, कस्टर्ड पावडर ८० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, क्रीम ६०० मिली, पिठीसाखर ६० ग्रॅम. पाव लिटर दूध पावडर कालवायला बाजूला काढा, उरलेलं उकळा.

आदल्या संध्याकाळी कस्टर्ड करा. ते खोल पातेल्यात तसंच ठेवलं तर मध्यभाग तासन् तास कोमट राहतो आणि फ्रिजही तापतो. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, मग ५ सेंटीमीटरपेक्षा उथळ ट्रेमध्ये पसरा, प्लॅस्टिकची फिल्म थेट कस्टर्डला चिकटवून झाका म्हणजे साय धरणार नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. द्राक्षं धुऊन कोरडी करणं आणि डाळिंब सोलणं हेही संध्याकाळीच.

सकाळी दहाला सफरचंद आणि आंबा चिरून, वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये. साडेअकराला क्रीम फेटून बेस जुळवा, तोही फ्रिजमध्ये. साडेबाराला फळं घाला, केळी सगळ्यात शेवटी.

तवंग
चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. आडवे काप गोलच राहतात आणि घशात अडकू शकतात. सुका मेवा सॅलडमध्ये ढवळू नका, वाटीत बाजूला ठेवा : ज्यांना त्रास होतो ते वाचतात आणि काप कुरकुरीत राहतात.

रंगीत_पाटी
दूध न चालणाऱ्यांसाठी नारळाच्या दाट दुधाचा डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, न हलवता उघडा. वर जमलेला घट्ट थर पिठीसाखर घालून फेटा, त्यांची वाटी वेगळी कालवा. चमचाही वेगळा.

गोडघाशा
टेबलावर किती वेळ ठेवता येईल?

थंडगार
दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्यानं वाढतात आणि दूध-फळं त्यांना फार मानवतात. म्हणून सगळं एकाच मोठ्या भांड्यात आणू नका. तीन किलोचे दोन बाऊल करा, एक वाढायला आणि एक फ्रिजमध्ये. वाढायचा बाऊल मोठ्या परातीत बर्फ आणि पाणी घालून त्यात ठेवा. नुसत्या बर्फाचे खडे बाऊलला जेमतेम चार ठिकाणी टेकतात, पाणी सगळीकडून टेकतं. त्यात मीठ घालू नका, कडेचं सॅलड गोठेल.

फ्रीजरमध्ये ठेवून लवकर गार करायचा मोहही नको. गोठून वितळलेलं कस्टर्ड पाणी सोडतं.

निगुती
एक शंका. दुसरा बाऊल फ्रिजमध्ये थांबणार असेल, तर त्यातली केळीही साडेबारालाच घालू?

मोजमाप
नको. दुसऱ्या बाऊलमध्ये फक्त सफरचंद, द्राक्षं आणि आंबा. केळी आणि डाळिंब तो बाहेर काढताना. आणि वर लिहिलेली वेळ दुरुस्त करतो : पहिल्या बाऊललाही केळी साडेबाराला नव्हे, पाऊणला. पानं एकला आहेत आणि चाळणींनी १५ मिनिटं सांगितली आहेत.

चाळणी
हो, पाऊणला. ३०० ग्रॅम केळी चिरायला पाच मिनिटं पुरतात. सोलून आधी ठेवू नका.